भीतीच्या क्षणी एक दीर्घ श्वास

मुदत ठेव मोडण्यासाठी घाईने आलेल्या ज्येष्ठ ठेवीदाराचे हात थरथरत असतात. कारण विचारताच नजर खाली जाते. दूरध्वनीवरील तोतया पोलिसाने ‘डिजिटल अटके’ची धमकी दिलेली असते. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. तरीही सुशिक्षित माणसे फसतात, कारण घाला ज्ञानावर नव्हे, भावनेवर घातलेला असतो.

भीती वाटताच शरीरात अॅड्रेनलिन स्रवते, हृदयाची धडधड वाढते, लक्ष केवळ संकटावर खिळते आणि सारासार विचार मागे पडतो. म्हणूनच ठकसेन संभाषण तोडू देत नाही व कोणाशी बोलूही देत नाही. उपाय नेमका याच्या उलट आहे. प्रथम दूरध्वनी बंद करावा. काही मिनिटे सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. मग घरच्या माणसाशी बोलावे. पैसे गेलेच असतील, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेला कळवावे.

काउंटरवरील कर्मचाऱ्यानेही अशा वेळी खुर्ची पुढे करावी, पाणी द्यावे, आपुलकीने विचारपूस करावी. धीराने घेतलेली पाच मिनिटे आयुष्यभराची पुंजी वाचवू शकतात.