कलम बदलते, गाभा राहतो

१ जुलै २०२४चा तो सोमवार. विधी महाविद्यालयातला दुपारचा तास. मी वर्गात शिरलो, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलाने भारतीय दंड संहितेचे जाडजूड पुस्तक वर धरले आणि विचारले, ‘सर, हे आता रद्दीत घालायचं ना?’ वर्ग हसला. मीही हसलो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १८६०ची दंड संहिता त्या दिवशी निवृत्त झाली होती आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली होती. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा यांचीही तीच गत. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले आणि ज्या ४२०ने आपल्या भाषेला एक अख्खे विशेषण दिले, ते ३१८च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसले.

वर्षानुवर्षे आकडे घोकून परीक्षा दिलेल्या मुलांच्या पायाखालची वाळू सरकली, यात नवल नाही. परंतु कलमाचा आकडा म्हणजे घराचा पत्ता. नगरपालिकेने गल्लीचे नाव बदलले म्हणून घर हलत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने, आणि खरे तर प्रत्येक नागरिकाने, ओळख करून घ्यायची ती घराची. त्या घराला चार भक्कम खांब आहेत. फौजदारी असो, दिवाणी असो, करार असो की राज्यघटना, हे खांब सगळीकडे भेटतात. मी ते प्रश्नांच्या रूपात शिकवतो.

पहिला प्रश्न : मनात काय होते? चारसोवीसचेच उदाहरण घेऊ. एखाद्या व्यापाऱ्याने माल उधार नेला आणि पैसे दिले नाहीत, की आपला माणूस तडक पोलीस ठाणे गाठतो. ‘फसवणुकीचा गुन्हा नोंदवा’ असा त्याचा आग्रह असतो. पण पैसे बुडवणे आणि फसवणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. माल नेतानाच पैसे द्यायचे नाहीत असा डाव मनात असेल, तर ती फसवणूक. नेताना इरादा सरळ होता आणि पुढे धंदा बसला, तर तो करारभंग. त्याची दाद दिवाणी न्यायालयात. कृती एकच, पण सुरुवातीच्या क्षणी मनात काय होते यावर एक वाट तुरुंगाकडे जाते आणि दुसरी वसुलीच्या दाव्याकडे.

मुंबईत १९५९ साली घडलेला नानावटी खटला आजही वर्गात शिकवला जातो, तो याच प्रश्नासाठी. नौदलातील कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीने माणसाचा तोल गेला, तर खुनाचा आरोप सौम्य होऊ शकतो. पण पत्नीची कबुली ऐकल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. दरम्यान त्यांनी पत्नी-मुलांना सिनेमाला सोडले होते, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले होते. राग निवायला इतका अवधी पुरेसा आहे, असे न्यायालयाने म्हटले. जुन्या ३००व्या कलमातला हा अपवाद आज १०१व्या कलमात आहे. आकडा बदलला, प्रश्न तोच राहिला.

आणि हे मन केवळ फौजदारीत पाहतात असे नाही. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर आलेले लालमन शुक्लाचे प्रकरण करार कायद्यात शिकवतात. मालकाचा पुतण्या घर सोडून गेला. मुनीम लालमन त्याच्या शोधात निघाला. मागाहून मालकाने मुलाला शोधून देणाऱ्यास ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. लालमनने मुलगा शोधून आणला, पण त्या वेळी बक्षिसाची त्याला खबरच नव्हती. पुढे त्याने दावा केला आणि तो हरला. कारण जो प्रस्ताव ठाऊकच नाही, तो स्वीकारणार कसा? शिवाय मुलाला शोधणे हे त्याने आधीच नोकरीचे काम म्हणून पत्करले होते. मुले हळहळतात. ‘सर, हा अन्याय झाला!’ मी म्हणतो, हळहळा जरूर. पण निकाल का लागला ते सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न : सिद्ध कोणी करायचे आणि किती? फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर, आणि तोही वाजवी शंकेला जागा उरू नये इतका. दिवाणी दाव्यात कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढे पारडे झुकले तरी पुरते. म्हणूनच अपघात करणारा चालक फौजदारीत संशयाचा फायदा मिळून सुटतो आणि त्याच अपघातात मृताच्या वारसांना न्यायाधिकरण भरपाई देऊ शकते. लोक म्हणतात, एक न्यायालय खोटे ठरले. तसे नसते, दोन्ही ठिकाणचे तराजू वेगळे असतात. याच अज्ञानातून जामीन मिळाला की पेढे वाटले जातात. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालेपर्यंत माणसाला बाहेर राहू देण्याची ती व्यवस्था आहे. दोषी ठरेपर्यंत तो निर्दोष मानला जातो, म्हणून.

तिसरा प्रश्न : दुसऱ्याची बाजू ऐकली का? घरात दोन भावंडे भांडली तर शहाणी आई दोघांचे ऐकल्याशिवाय धपाटा घालत नाही. नैसर्गिक न्याय म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नाही. १९८१ साली मुंबईतील पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवण्याचे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. पदपथ अडवून राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा आयुक्तांचा अधिकार रद्द झाला नाही, पण नोटीस देऊन ऐकून घेणे हा नियम आणि न ऐकणे हा अपवाद, असे बजावले गेले. त्या वर्षीचा पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या हटवू नयेत, असेही सांगितले. हाच नियम निलंबित कारकुनाला लागू, नाव काढलेल्या विद्यार्थ्यालाही लागू.

चौथा प्रश्न : वेळेत आलात का? आपल्याकडे म्हण आहे की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तिच्यापायी किती शहाणे बुडाले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. उसन्या पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत. ती उलटली की देणे नाहीसे होत नाही, पण न्यायालयाचे दार बंद होते. देणेकऱ्याने पुन्हा लेखी वचन देऊन सही केली, तर ते नव्याने उघडू शकते. जमिनीच्या ताब्याच्या दाव्याची मुदत गेली, तर मात्र हक्कच बुडतो.

हे सगळे मी दरवर्षी सांगतो. मुले उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. पण त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिक्षकांच्या खोलीत आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला स्टँपपेपर. ‘सर, बाबांनी दोन एकर विकत घेतली होती, २०१० साली. आता मूळ मालकाच्या मुलांनी तीच जमीन दुसऱ्याला विकली. तो म्हणतो, तुमचं काहीच नाही.’

मी कागद वाचला. ते खरेदीखत नव्हते, साठेखत होते. विकण्याचा नुसता करार. मालकी बदलते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. साठेखताने जमिनीवर मालकी येत नाही. बहुतेक रक्कम दिली होती. उरलेल्या पैशांचे ‘पुढच्या सुगीला’ म्हणत चौदा वर्षे गेली होती. सातबारा अजून जुन्या मालकाच्याच नावे होता. तिने विचारले, ‘मग सातबारा ज्याचा, जमीन त्याची?’ तसेही नाही. सातबारा हा महसुली अभिलेख. त्यातली नोंद खरी असल्याचे गृहीत धरतात, परंतु ते गृहीत खोडून काढता येते आणि नुसत्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही.

तिचा चेहरा उतरला. मी म्हटले, ‘अगं, वर्गात काय शिकलीस? प्रश्न विचार.’ बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘जमीन कोण कसतं? बाबाच.’ ताबा वडिलांकडे. म्हणजे नव्या खरेदीदाराला ते ठाऊक होते, निदान कायदा तसे मानतो. कारण जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात, त्याच्या हक्काची सूचना घेणाऱ्याला मिळाली असे धरले जाते. आपण अजाणतेपणी, प्रामाणिकपणे घेतली, असे त्याला सहजी म्हणता येणार नाही. दुसरे, साठेखतात खरेदीची तारीख ठरली होती का? नव्हती. मग तीन वर्षांची मुदत मोजायची ती नकार कळला त्या दिवसापासून, आणि नकार तर आत्ताच कळला होता. पैसे द्यायला वडील सदैव तयार होते, हे मात्र सिद्ध करावे लागणार होते, आणि तो भार त्यांचाच. तिथे बाजू लंगडी होती. तेही मी तिला सांगितले.

करारपूर्तीचा दावा दाखल झाला. दिवाणी न्यायालयातले दावे एका पावसाळ्यात निकाली निघत नाहीत. काय होईल, ते न्यायालय ठरवील. पण दावा मुदतीत दाखल झाला, आणि तो झाला मनात काय, भार कोणाचा, ऐकले का, वेळ गेली का, एवढे विचारायला शिकलेल्या एका मुलीमुळे. तिच्या वडिलांना हे प्रश्न २०१० साली कोणी सांगितले असते, तर स्टँपपेपरची घडी घालून ठेवण्याआधी ते नोंदणी कार्यालयात गेले असते.

राहता राहिले ते रद्दीचे. त्या मुलाला मी सांगितले, पुस्तक ठेव. एक तर १ जुलै २०२४पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू आहे. कृत्य घडले तेव्हाच्या कायद्यानेच माणसाला दोषी ठरवता येते, हे राज्यघटनेच्या २०व्या अनुच्छेदाने दिलेले अभय आहे. म्हणजे ते पुस्तक अजून बरीच वर्षे न्यायालयात उघडले जाईल. आणि दुसरे म्हणजे, दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचलीस, तर कळेल की बदलले किती आणि राहिले किती. जे राहिले, तोच तुझा अभ्यासक्रम.