मिडसाइज सेडान घेताय? ‘ॲव्हरेज किती?’ विचारण्याआधी पाच वर्षांचा हिशोब मांडा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की बहुतेक मराठी घरांतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा प्रश्न असतो, ‘डिस्काउंट किती?’ १० ते २० लाख रुपयांच्या मिडसाइज सेडानच्या बाबतीत मात्र या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून गाडी महाग की स्वस्त, हे ठरत नाही. खर्चाचा मोठा भाग इतर ठिकाणी दडलेला असतो.

या गटात होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही नावं प्रामुख्याने घेतली जातात. मारुती सियाझचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. पर्याय मोजकेच असले तरी प्रत्येक गाडीचे अनेक व्हेरियंट आहेत आणि ग्राहकाचा गोंधळ उडतो तो तिथेच.

ॲव्हरेजचा फरक रुपयांत किती?

मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाड्यांचे कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे पाहू. सिटी १७.८, व्हर्ना (टर्बो नसलेलं १.५ लिटर इंजिन) १८.६ आणि स्लाव्हिया (१ लिटर टर्बो, बाजारात आली तेव्हाचा आकडा) १९.४७ किलोमीटर प्रतिलिटर. महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार किलोमीटर गाडी चालली आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर सिटीला वर्षाला सुमारे ६७४ लिटर लागेल आणि स्लाव्हियाला ६१६ लिटर. फरक ५८ लिटरचा, म्हणजे वर्षाला सुमारे ६,१०० रुपये. महिन्याला जेमतेम पाचशे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये या सगळ्याच गाड्यांचा प्रत्यक्ष आकडा कागदावरच्यापेक्षा कमी येतो, ते वेगळंच.

हायब्रिड घेतली तर पैसे सुटतात का?

होंडाने मे २०२२ मध्ये सिटीची हायब्रिड आवृत्ती १९.४९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आणली. तेव्हा जाहीर केलेलं मायलेज होतं २६.५. त्याच गाडीच्या ऑटोमॅटिक पेट्रोल आवृत्तीचं मायलेज १८.४. वर्षाला १२ हजार किलोमीटरला साधारण २०० लिटर, म्हणजे २१ हजार रुपये वाचतात. समजा दोन आवृत्त्यांच्या किमतीत ४ लाखांचा फरक आहे. त्यावर १२ टक्के रोड टॅक्स धरला की तो ४.४८ लाख होतो. हे पैसे वसूल व्हायला २१ वर्षं लागतील. महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हाच काळ सात वर्षांच्या आसपास येतो. शिवाय बॅटरीमुळे डिकी ५०६ लिटरवरून ३०६ लिटरवर येते. गणपतीला सामानासह कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने हे आधीच पाहिलेलं बरं.

एक्स-शोरूम ते ऑन-रोड : पैसे कुठे वाढतात?

पिंपरी-चिंचवडमधल्या एका नोकरदार कुटुंबाचं उदाहरण घेऊ. गाडीची एक्स-शोरूम किंमत १५ लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीसाठी १२ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे १.८० लाख. विमा ५५ हजार धरू. गाडी १० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीसीएस, म्हणजे १५ हजार. ऑन-रोड किंमत झाली १७.५० लाख.

यातला टीसीएस हा खर्च नाही. तो ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. अनेक जण तो मागायलाच विसरतात.

१० लाखांची रेषाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १० लाखांपर्यंत रोड टॅक्स ११ टक्के आहे. किंमत ९.९९ लाख असेल तर टॅक्स १,०९,८९० रुपये, १०.०१ लाख असेल तर १,२०,१२० रुपये. किंमत दोन हजारांनी वाढली, पण टॅक्स दहा हजारांनी वाढला.

विम्यात इंजिनाचा आकारही मोजला जातो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंत हा हप्ता ६,५२१ रुपये, तर १,००० ते १,५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये (जीएसटी वेगळा). स्लाव्हिया आणि व्हर्टसचं १ लिटर इंजिन ९९९ सीसीचं असल्याने ते खालच्या गटात बसतं. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनसही मालकाला नव्या गाडीसाठी वापरता येतो.

जीएसटी कमी झाला, मग फायदा किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. मिडसाइज सेडान चार मीटरपेक्षा लांब असतात. त्यामुळे इंजिन ९९९ सीसीचं असलं तरी त्यांच्यावर ४० टक्के कर लागतो. आधी सेससह तो ४५ टक्के होता. म्हणजे मिडसाइज सेडानवरचा कर थोडा उतरला, पण डिझायर, अमेझ, ऑरासारख्या छोट्या सेडानवरचा २९ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत ८ लाख धरली तर १८ टक्क्यांनी गाडी ९.४४ लाखांना पडते आणि ४० टक्क्यांनी ११.२० लाखांना. १.७६ लाखांचा हा फरक निव्वळ कराचा आहे. मागची सीट आणि डिकीतली जास्तीची जागा खरोखर लागणार आहे का, हा प्रश्न त्यामुळे आता अधिक महत्त्वाचा झाला आहे.

हप्ता कमी, व्याज जास्त

याच कुटुंबाने १२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं असं समजू. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे २४,९०० रुपये आणि एकूण व्याज २.९५ लाख. सात वर्षांसाठी हप्ता १९,३०० रुपयांवर येतो, पण व्याज ४.२२ लाख होतं. घराचा हप्ता आणि मुलांची फी सुरू असताना कमी हप्ता सोयीचा वाटतो, पण त्या सोयीची किंमत सव्वा लाख रुपये आहे.

‘एकच लाख जास्त घाला, सनरूफ मिळेल,’ हा आग्रहही याच मापाने पाहावा. त्या एका लाखावर १२ हजार टॅक्स आणि कर्जाचं पाच वर्षांचं व्याज धरलं की रक्कम १.४० लाखांच्या घरात जाते.

पाच वर्षांचा ताळेबंद

ऑन-रोड किमतीतून टीसीएस वजा केला की उरतात १७.३५ लाख. पाच वर्षांनी, ६० हजार किलोमीटर चाललेली गाडी ७.५ लाखांना विकली गेली असं धरू.

- किमतीतली घट : ९.८५ लाख
- पेट्रोल (प्रत्यक्ष १५ किमी प्रतिलिटर) : ४.२० लाख
- कर्जाचं व्याज : २.९५ लाख
- पुढचा विमा, सर्व्हिसिंग, टायर (वर्षाला २५ हजार धरून) : १.२५ लाख
- एकूण : १८.२५ लाख, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३० रुपये

ज्या पेट्रोलची चर्चा सर्वाधिक होते, ते एकूण खर्चाच्या चौथ्या भागापेक्षाही कमी आहे. निम्म्याहून अधिक खर्च किमतीतल्या घटीचा आहे. म्हणून खरेदीची किंमत, रिसेल आणि गाडी किती वर्षं ठेवणार, या तीन गोष्टींवर जास्त वेळ द्यायला हवा.

सही करण्यापूर्वी काय पाहाल?

- कोटेशन लेखी आणि बाबनिहाय घ्या. हँडलिंग चार्ज आरटीओच्या शुल्कात येत नाही. ॲक्सेसरीज, कोटिंग आणि वाढीव वॉरंटी ऐच्छिक असतात.
- एक्स्चेंज बोनस मोठा दाखवून जुन्या गाडीचा भाव पाडला जात नाही ना, हे बाहेर दोन ठिकाणी दाखवून तपासा.
- गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारा. आदल्या वर्षी बनलेल्या गाडीला विकताना भाव कमी येतो, त्यामुळे सूट तेवढी मोठी हवी.
- सुरक्षिततेत काटकसर नको. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ मधील चाचण्यांत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिन्ही गाड्यांना पाच स्टार मिळाले. तरीही निवडलेल्या व्हेरियंटमध्ये नेमक्या किती एअरबॅग आणि कोणत्या यंत्रणा आहेत, ते तपासा.
- टेस्ट ड्राइव्हला घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्या. सेडानची सीट खाली असते. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना रोज चढउतार जमणार आहे का, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.