रिकिबीत पाय घालण्याआधी

निर्मळ-वसईकडच्या मुलांना घोडा भेटतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत, नाहीतर माथेरानच्या सहलीत. तिथे लगाम दुसऱ्याच्या हाती असतो, मूल नुसतं पाठीवर बसतं. रीतसर शिक्षणाची सोयही आहे. १९३७ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये विद्यार्थ्यांना घोडेस्वारी शिकवतात. मात्र ती कुठेही शिकवली, तरी पहिला धडा खोगिरावर नव्हे, जमिनीवर उभं राहून द्यावा आणि तो घोडा कसा शिकतो याचाच असावा.

घोडा हा पळून जीव वाचवणारा, कळपाने राहणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं मात्र दिसत नाही. मागून अचानक आलेल्या माणसाला तो लाथ झाडतो, ती भीतीने. तो शिकतो तेही सुटकेतून. स्वाराने पायांनी दाब दिला, घोड्याने पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी दाब सुटला, तर पुढे जायचं हे त्याला उमगतं. पाऊल टाकूनही दाब तसाच राहिला, तर काय केल्याने सुटका होते हेच त्याला कळत नाही. हळूहळू तो दाबाला दाद देईनासा होतो आणि लोक त्याला अडेल म्हणतात. जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो, अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की तो विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीक हालचाल टिपून थांबत असे. इतकं बारीक टिपणाऱ्या प्राण्याला चाबकाची भाषा लागावी कशाला?

यावर कोणी म्हणेल, की चार-पाचशे किलोंच्या जनावराला धाक हवाच. पण एवढ्या ताकदीला मुलाचा हात आवरू शकत नाही. आवरतो तो घोड्याला नीट कळलेला इशारा. शिवाय घाबरलेला घोडा उधळतो, म्हणजे धाकाने धोका वाढतोच. दुसरा आक्षेप वेळेचा. खरारा करणं, बाजूने जवळ जाणं, कान-शेपटीवरून मनःस्थिती ओळखणं यांत सुरुवातीचे तास जातात हे खरं. पण घाईत बिघडलेला घोडा सुधारायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पालकांनी रायडिंग स्कूल निवडताना, मूल किती दिवसांत दौडेल हे विचारण्याआधी, तिथे घोड्याविषयी काय शिकवतात ते विचारावं.