पांढरी बोटे आणि बधिर बोटे : यंत्रकंपनजन्य हस्तविकाराचे नाव व निवारण

हवेच्या दाबावर चालणारा दगडफोडीचा हातोडा, रस्ता उकरणारा ब्रेकर, धातू घासणारा ग्राइंडर, झाडे कापणारी साखळी-करवत ही सर्व अवजारे हातात घट्ट धरून चालवावयाची असतात. त्यांचे कंपन मुठीवाटे बोटांत व तळहातात शिरते आणि मनगटापासून कोपरापर्यंत पोचते. असे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या कामगाराच्या बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा होते. यंत्रात हात सापडून होणारा अपघात एका क्षणाचा असतो. त्याची वेळ सांगता येते आणि त्याला साक्षीदारही असतात. कंपनाची इजा मात्र थेंबाथेंबाने साचते. त्यामुळे ती अपघाताच्या नोंदवहीत येत नाही आणि कामगार स्वतःच्या तोंडाने जे सांगेल त्यावरच तिची पहिली ओळख अवलंबून राहते. या विकाराला कोणते नाव पडले आणि त्या नावाने कोणाचे दुखणे झाकले गेले, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकाप्रमाणे भाषेच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात प्रथम नावांचा इतिहास, नंतर विकाराचे स्वरूप आणि शेवटी संरक्षणाचे मार्ग यांचा क्रमाने विचार केला आहे.

नावांचा इतिहास

थंडीने बोटे एकाएकी पांढरी पडण्याच्या लक्षणाचे वर्णन फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ साली केले. पुढे हे लक्षण त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. कंपनकारी अवजारांशी त्याचा संबंध १९११ साली इटलीतील जोव्हान्नी लोरिगा यांनी दाखविला. अमेरिकेत १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडक घडविणाऱ्या पाथरवटांची तपासणी केली. हवेच्या दाबावरील हातोडा वापरणाऱ्या या पाथरवटांपैकी जवळजवळ नऊ-दशांश लोकांत हा विकार आढळला. हातोड्याचे कंपन, छिन्नीवरील घट्ट पकड आणि हिवाळ्यातील थंडी ही त्याची कारणे त्यांनी नोंदविली.

इंग्रजीत या विकाराला ‘मृत बोट’ व ‘पांढरे बोट’ अशा अर्थाची नावे रूढ झाली. जपानमध्ये साखळी-करवत वापरणाऱ्या वनकामगारांत १९६० नंतरच्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर दिसू लागला, तेव्हा त्याला ‘हाकुरोब्यो’ म्हणजे ‘पांढऱ्या मेणाचा रोग’ असे नाव मिळाले. ही सर्व नावे पाहणाऱ्याच्या डोळ्याला जे दिसते त्यावरून पडलेली आहेत. मेणासारखे झालेले पांढरे बोट शेजाऱ्याला दाखविता येते, वैद्याला दाखविता येते, न्यायाधीशालाही दाखविता येते. बोटातील बधिरपणा दाखविता येत नाही, तो सांगावा लागतो. डोळ्याने दिसणाऱ्या लक्षणाला नाव मिळाले आणि केवळ अनुभवाला येणारे लक्षण नावाबाहेर राहिले, हा या विकाराच्या इतिहासातील कळीचा मुद्दा होय.

विकाराचे दुहेरी स्वरूप

कंपनाचा परिणाम मुख्यतः दोन वाटांनी होतो. पहिली वाट रक्तवाहिन्यांची. वारंवार कंपन सोसलेल्या वाहिन्या थंडीला अतिरेकी प्रतिसाद देऊ लागतात. गार हवेत किंवा गार पाण्यात हात गेला की त्या आकुंचन पावतात आणि बोटाचा शेंड्याकडील भाग ठळक सीमा दाखवून पांढरा पडतो. काही वेळाने रक्त परत वाहू लागते, बोट लाल होते व ठणकते. दुसरी वाट मज्जातंतूंची. आरंभी काम संपल्यावर बोटांना मुंग्या येतात, पुढे त्या उशिरापर्यंत टिकतात. नंतर स्पर्शाची सूक्ष्म जाण कमी होते. सदऱ्याची गुंडी लावणे, जमिनीवरचे नाणे उचलणे, लहान स्क्रू बोटांत धरणे या गोष्टी अवघड होऊन बसतात. याखेरीज पकडीचा जोरही कमी होऊ शकतो.

या दोन वाटा परस्परांवर अवलंबून नाहीत. एकाच कामगारात दोन्ही असू शकतात किंवा एकच असू शकते. काम थांबविल्यास रक्तवाहिन्यांचा विकार काहींच्या बाबतीत हळूहळू कमी होतो, परंतु मज्जातंतूंची वाढलेली हानी बहुधा भरून येत नाही. बधिरपणा लवकर ओळखण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

वैद्यकीय वर्गीकरणाने हा भेद उशिरा मान्य केला. १९७५ साली टेलर व पेल्मिअर यांनी मांडलेली श्रेणी प्रामुख्याने बोटांच्या पांढरेपणावर आधारलेली होती. १९८६ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत रक्तवाहिन्यांसाठी एक व मज्जातंतूंसाठी एक अशा दोन स्वतंत्र श्रेणी ठरल्या. त्यानंतर ‘हात व बाहू यांचा कंपनजन्य विकारसमूह’ या अर्थाचे, लक्षणाऐवजी कारण सांगणारे नाव रूढ होत गेले.

कायद्याची गती याहूनही मंद होती. ब्रिटनमध्ये या विकाराला भरपाईयोग्य व्यवसायजन्य रोग मानावे की नाही, याचा विचार सरकारच्या सल्लागार मंडळाने १९५४, १९७० व १९७५ साली करून नकार दिला. १९८१ साली त्याने अनुकूल शिफारस केली आणि १९८५ साली ‘कंपनजन्य पांढरे बोट’ या नावाने हा रोग यादीत आला. परंतु नाव पांढऱ्या बोटाचे असल्याने ज्याचे बोट पांढरे पडत नव्हते, पण स्पर्श हरपला होता, असा कामगार त्या नोंदीच्या बाहेर राहिला. मज्जातंतूंच्या लक्षणांचा समावेश त्या नोंदीत २००७ साली झाला. एका विशेषणाची किंमत बावीस वर्षे होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उष्ण प्रदेशातील अडचण

हा प्रश्न महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात अधिकच बिकट होतो. बोट पांढरे पडावयास थंडी लागते. व्हिएतनाममधील खाणकामगार व मलेशियातील बांधकाम-कामगार यांच्या तपासण्यांत पांढऱ्या बोटांची उदाहरणे विरळा आढळली, पण मुंग्या व बधिरपणा यांच्या तक्रारी आढळल्या. मज्जातंतूंची हानी थंडीची वाट पाहत नाही. म्हणून युरोपीय नावाचे भाषांतर करून ‘तुमची बोटे पांढरी पडतात काय?’ एवढाच प्रश्न मुंबईतील इमारतीच्या कामावर किंवा एखाद्या ओतशाळेत विचारला, तर ‘नाही’ असे उत्तर मिळेल आणि विकार नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

मराठीत योग्य प्रश्न विचारण्यातही काही अडचणी आहेत. ‘मुंग्या येणे’ हा प्रयोग मांडी घालून बसल्यावर पायाला होणाऱ्या क्षणिक संवेदनेसाठीही आहे. साहजिकच कामगार ती तक्रार किरकोळ समजतो व ऐकणाराही तसेच समजतो. ‘हात बधिर झाला’ व ‘हात भरून आला’ या दोहोंत भेद आहे. पहिल्यात स्पर्श गेल्याची तक्रार आहे, तर दुसऱ्यात थकव्याची. तपासणाऱ्याने हा भेद न केल्यास दोन्हीवर एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे विश्रांती. शिवाय अशा कामावर हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणारे मजूरही असतात. त्यांच्या तक्रारी मुकादमाच्या तोंडून भाषांतरित होऊन येतात आणि त्या वाटेत सूक्ष्म छटा गळतात.

पारिभाषिक नाव घडवितानाही सावधगिरी हवी. ‘कंप’ या शब्दाला मराठी वैद्यकात ‘कंपवात’ या रोगाचा सहवास आहे. त्यामुळे ‘कंपरोग’ म्हटल्यास हात थरथरण्याचा आजार समजला जाईल. ‘हस्तकंपन’ या समासाचा सहज अर्थही ‘हाताचे थरथरणे’ असाच होतो. येथे कंपन हाताचे नसून यंत्राचे आहे. ‘यंत्रकंपनजन्य हस्तविकार’ हे नाव लांब असले तरी त्यात कारण व स्थान दोन्ही स्पष्ट आहेत, आणि ते पांढऱ्या रंगावर किंवा थंडीवर अवलंबून नाही.

संरक्षणाचे गणित

नावात कारण आले की निवारणाची दिशाही दिसू लागते. कंपनाची तीव्रता त्वरणाने, म्हणजे ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ या एककात मोजतात व ती आठ तासांच्या दिवसाच्या मानाने मांडतात. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार आणि ब्रिटनच्या २००५ सालच्या नियमांनुसार हे दैनिक मान २.५ झाले की मालकाने निवारणाची कारवाई करावयाची असते, आणि ५ ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे.

दैनिक मान तीव्रतेच्या सम प्रमाणात, पण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १० तीव्रतेचे अवजार अर्ध्या तासात २.५ चे मान गाठते व दोन तासांत ५ चे. तीव्रता निम्मी करून ५ वर आणली, तर हेच टप्पे अनुक्रमे दोन तासांनी व आठ तासांनी येतात. तीव्रता निम्मी झाली की वेळेची मुभा चौपट होते. उलट, वेळ निम्मी करूनही दैनिक मान तीन-दशांशानेच उतरते. कामगाराला अधूनमधून उसंत देणे आवश्यक आहेच, पण यंत्र बदलण्याने होणारा लाभ कितीतरी मोठा आहे, हे या साध्या गणितावरून दिसते.

दोन ठिकाणांच्या इतिहासाने हाच निष्कर्ष दृढ होतो. बेडफर्ड येथे १९७८ साली, म्हणजे हॅमिल्टन यांच्यानंतर साठ वर्षांनी, पुन्हा तपासणी झाली. हातोड्याची रचना मूलतः तीच राहिली होती आणि विकाराचे प्रमाणही सुमारे ८० टक्के होते. रोग माहीत होता, कारण माहीत होते, पण अवजार बदलले नव्हते. याउलट फिनलंडमधील सुओमुसाल्मी येथील वनकामगारांची १९७२ ते १९९० या काळात वेळोवेळी तपासणी होत गेली. या काळात साखळी-करवतींचे कंपन १४ वरून २ वर आले. पांढऱ्या बोटांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि बधिरपणाचे ७८ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर उतरले. फिनलंडची थंडी होती तशीच राहिली, यंत्र मात्र बदलले. बधिरपणा पांढरेपणाच्या मानाने कमी वेगाने उतरला, हेही लक्षणीय आहे. केवळ पांढरी बोटे मोजली असती, तर प्रश्न जवळजवळ सुटला असे वाटले असते.

निवारणाचा क्रम यावरून ठरतो. प्रथम, कंपनकारी अवजार हातात धरावेच लागणार नाही अशी पद्धत शोधावी. काँक्रीट फोडावयाचे असेल तर हातातील ब्रेकरऐवजी वाहनावर बसविलेला ब्रेकर वापरता येतो. दुसरे, अवजार खरेदी करताना किमतीबरोबर कंपनाचा आकडाही विचारावा. तिसरे, अवजाराची निगा राखावी. बोथट छिन्नी, असमतोल झालेले घासण्याचे चाक किंवा ढिली मूठ यांनी कंपन वाढते व कामही लांबते. चौथे, वेळेची वाटणी करावी. जपानमध्ये १९७५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी साखळी-करवतीचे काम दिवसाला दोन तासांपुरते मर्यादित केले. पाचवे, अवजार पेलण्यापुरतीच पकड ठेवावयास शिकवावे, कारण घट्ट मुठीतून कंपन अधिक शिरते.

हातमोज्यांचे स्थान या क्रमात शेवटचे आहे. ते हात उबदार ठेवतात, कापण्यापासून वाचवितात. परंतु दगडफोडीच्या हातोड्यासारख्या अवजारांचे मंद गतीचे जोरदार धक्के ‘कंपनरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोज्यांनीही फारसे अडत नाहीत. जाड मोज्यामुळे मूठ अधिक आवळावी लागते, हा आणखी एक तोटा. येथेही नावावर विसंबून राहणे घातक ठरते. मोजे वाटले म्हणजे संरक्षण झाले, असे समजणाऱ्या मालकाने यंत्राकडे पाहिलेलेच नसते.

या सर्व उपायांबरोबर नियमित विचारपूस आवश्यक आहे, आणि ती कामगाराच्या भाषेत व त्याच्या नित्य व्यवहाराच्या आधाराने व्हावयास हवी. ‘काम संपल्यावर मुंग्या किती वेळ राहतात?’, ‘रात्री हात बधिर होऊन जाग येते काय?’, ‘गुंडी न पाहता लावता येते काय?’, ‘हातातली वस्तू नकळत पडते काय?’ असे प्रश्न कोणत्याही रोगनामाची जाण नसलेल्या माणसालाही कळतात. कामावर घेताना एकदा व नंतर दरवर्षी ते विचारून उत्तरे लिहून ठेवली, तर होणारा बदल वेळीच दिसेल. अर्थात, उत्तर खरे मिळावयाचे असेल तर ते देण्याने रोजगार जाणार नाही याची शाश्वती कामगारास हवी. बधिर झालेले बोट स्वतःहून काही दाखवीत नाही. ज्याचा हात आहे त्याने निर्भयपणे सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते नेमके ऐकले, तरच यंत्र बदलण्याची वेळ हातून निसटणार नाही.