फुटबॉलचें पंचांग

लग्नमुंजींचे मुहूर्त पंचांगावरून निघतात, शाळेच्या सुट्या खात्याच्या पत्रकावरून ठरतात. परंतु फुटबॉलचा हंगाम केव्हां सुरू व्हावा व त्यांत सामने किती असावेत, हें कोण ठरवितें, हा प्रश्न सारा जन्म शाळेंत घालवूनही आम्हांस कधीं पडला नव्हता. तो पडला एक चूक होऊन गेल्यावर.

आमचा धाकटा नातू कोल्हापुरास महाविद्यालयांत शिकतो व तेथील संघांतून फुटबॉल खेळतो. निवडीचा सामना आणि सत्रपरीक्षेचा एक पेपर एकाच दिवशीं आले. त्यानें चंदगडास दूरध्वनि करून विचारलें, "आजोबा, काय करूं?" घरांत बैठक बसली. सूनबाई म्हणाल्या परीक्षा, धाकटे चिरंजीव म्हणाले खेळ. शेवटीं वडीलकीच्या नात्यानें आम्हीं परीक्षेच्या बाजूनें कौल दिला. मुलानें तो निमूटपणें पाळला. संक्रांतीस घरीं आला तेव्हां एवढेंच म्हणाला, "तारखा कशा ठरतात हें आपण आधीं विचारलें असतें, तर कदाचित् दोन्ही जमलें असतें." तें वाक्य आम्हांस लागलें. तेव्हांपासून जी माहिती मिळविली, ती वाचकांपुढें ठेवितों.

हंगामाचा पहिला धनी पाऊस. आमच्या चंदगडाकडे मृग लागला कीं महिनेच्या महिने आभाळ फाटलेलें. ताम्रपर्णीच्या काठचें भात कापून शिवार मोकळें होईपर्यंत मुलांना खेळावयास कोरडी जागा सांपडणें कठीण. कोल्हापुरांतही हंगाम बहुधा थंडीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. परंतु हा नियम सार्वत्रिक नव्हे. कलकत्त्यास हा खेळ पूर्वापार पावसाळ्याचा मानला गेला. मोहनबागान संघानें गोऱ्या पलटणीच्या संघाचा पराभव करून ढाल जिंकली, ती २९ जुलै १९११ रोजीं, म्हणजे भर पावसाळ्यांत. तात्पर्य, पाऊस सर्वत्र पडतो. त्याचा अर्थ प्रत्येक गांव आपापल्या मातीप्रमाणें लावितो.

दुसरा धनी मैदान, आणि त्याच्या जोडीला गणित. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० सालीं निघाली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींची नांवें मूळचीं मल्लविद्येचीं. पण आज तीं उच्चारतांच कोल्हापूरकरास फुटबॉल आठवतो. वरिष्ठ गटांत सोळा संघ, आणि मोठे सामने व्हावयाचे एका शाहू स्टेडियमवर. भास्कराचार्यांनीं लीलावतींत सहा रसांचें उदाहरण घातलें आहे. त्यांतून दोन-दोन रस निवडले तर पंधरा प्रकार होतात. तेंच सूत्र येथें लावावें. सहा संघ परस्परांशीं एकेकदां खेळले तर सामने १५; सोळा संघ खेळले तर १२०. दिवसास दोन सामने धरले तरी साठ दिवस केवळ एका फेरीस लागतील! सोळांचे आठ-आठांचे दोन गट केले, तर प्रत्येकीं २८, मिळून ५६ सामने होतात. आणि हरेल तो बाहेर, अशी बादपद्धति ठेविली तर अवघे १५ पुरतात; कारण प्रत्येक सामन्यांत एक संघ गळतो व शेवटीं एकच उरावयाचा असतो. न्याय अधिक हवा तर दिवस अधिक लागतात, दिवस थोडे तर एका दिवसाच्या दुर्दैवानें चांगला संघ घरीं जातो. हंगामाची लांबी म्हणजे या दोहोंतील तडजोड होय.

तिसरा धनी वरची स्पर्धा. महाविद्यालयीन खेळांत हाच सर्वांत बलवान्. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या कक्षेंत आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे आहेत. आधीं विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यांतून विद्यापीठाच्या संघाची निवड, पुढें पश्चिम विभागांतील विद्यापीठांशीं लढत, आणि तेथें जे सरस ठरतील त्यांस अखिल भारतीय स्पर्धा. या आंतरविद्यापीठ स्पर्धांचें वेळापत्रक भारतीय विश्वविद्यालय संघ ठरवितो. म्हणजे तारखा शेवटाकडून आरंभाकडे मोजल्या जातात. वरची तारीख ठरली कीं तिच्या आधीं निवड, निवडीच्या आधीं विभागीय सामने. वरून कॅलेंडर दाबतें, खालून पाऊस दाबतो, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत परीक्षाही येऊन बसते. आमच्या नातवाचा पेपर व सामना एका दिवशीं आले, त्यांत कोणाचें वैर नव्हतें; ती या पट्टीची अरुंदी होती.

हें दुखणें आपलेंच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा निराळाच खेळ. त्याचा पहिला हंगाम १८६९ सालीं अवघ्या दोन सामन्यांचा झाला. तिसरा ठरला होता, पण अध्यापकांस अभ्यासाची काळजी वाटल्यानें तो रहित झाला, असें सांगतात. पुढें १९७० पासून मोठ्या महाविद्यालयांस अकरा व २००६ पासून बारा सामन्यांची मुभा मिळाली. त्यांतील आठ-नऊ संघगटाकडून ठरतात, उरलेले महाविद्यालयें आपसांत करार करून कित्येक वर्षें आधीं नक्की करितात. अजिंक्यपदाच्या अंतिम स्पर्धेंत २०१४ पासून चार संघ असत, ते २०२४ पासून बारा झाले. त्यामुळें त्या हंगामाचा विजेता ओहायो स्टेट संघ जानेवारी २०२५ पर्यंत सोळा सामने खेळला. दोनाचे सोळा झाले. तिकिटांचा व प्रक्षेपणाचा पैसा वाढला, विद्यार्थ्याचे दिवस मात्र तेवढेच राहिले.

आतां आमचें प्रायश्चित्त. यंदा जून महिन्यांतच आम्हीं नातवास बजावलें आहे, कीं जिमखान्यांत जाऊन सामन्यांचे अजमासी आठवडे विचार, परीक्षेचे दिवस शेजारीं मांड, आणि दोन्ही एकत्र येण्याचा संभव दिसला तर कांहीं सोय होते का, हें आधींच लेखी विचार. माजघराच्या भिंतीवर पंचांगाशेजारीं तो कागद लावला आहे. सूनबाई रोज सकाळीं तिथि पाहतात, तेव्हां त्याकडेही पाहतात. पेपर व सामना पुनः एका दिवशीं आलेच, तर बैठक पुनः बसेल, आणि कौल कदाचित् तोच लागेल. पण या वेळीं तो आम्ही न विचारतां देणार नाहीं. आणि पहिला शब्द ज्याचे दिवस आहेत त्याचा असेल.