भंडाऱ्यातून चीन वाचताना

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिबेटी कागदपत्रांत मात्र वसाहतीच्या नावापुढे आजही ‘भंडारा’च असतं. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून स्वेटर घेणं विदर्भाच्या अंगवळणी पडलं आहे. ही माणसं आपलं पठार सोडून धानाच्या मुलखात का आली, हे समजून घ्यायचं तर चीन वाचावा लागतो.

मराठी वाचकाचा चीन बहुधा दोन नावांत आटोपतो : डॉ. कोटणीस आणि १९६२चं युद्ध. १९३८च्या ज्या वैद्यकीय पथकातून सोलापूरचे कोटणीस चीनला गेले, त्यातच नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. पण त्याग आणि युद्ध यांच्या पलीकडे चिनी माणसाचं घर, देऊळ, गाव आणि त्याच्यावर चालणारी सत्ता असा मोठा प्रदेश उरतो. तो धर्म, समाज आणि सत्ता या क्रमाने वाचावा, असं माझं मत आहे.

आधी धर्म. त्याचं दार भंडाऱ्यातच आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच तालुक्यात रुयाडला उभ्या राहिलेल्या महासमाधी भूमी या बौद्ध स्तूपाचं नातं जपानच्या तेंदाई परंपरेशी आहे. या परंपरेचं मूळ चीनच्या तिएनताई पर्वतावर. सहाव्या शतकात चिह-यी या आचार्याने तिथे तिची घडी बसवली आणि ८०४ साली चीनला गेलेल्या साइचो या भिक्षूने ती जपानला नेली. भारतातून निघालेला बौद्ध विचार चीन-जपानचं वळण घेऊन वैनगंगेच्या खोऱ्यात परतला, तो असा.

चिनी धर्म मात्र बौद्ध विहारांपुरता नाही. त्यासाठी सी. के. यांग यांचं ‘रिलिजन इन चायनीज सोसायटी’ (१९६१) पहिलं हाती घ्यावं. धर्मपीठ किंवा सभासदांची यादी शोधू गेलं तर चीनमध्ये धर्म दुबळा वाटतो. यांग दाखवतात की तो पूर्वजांच्या पूजेत, कारागिरांच्या संघांत, ग्रामदेवतेच्या देवळात, राज्याच्या विधींत मुरलेला आहे. मातामायच्या ठाण्यापाशी वाढलेल्या आपल्या वाचकाला हे लगेच पटेल. पुढची कथा व्हिन्सेंट गूसार्ट आणि डेव्हिड पामर यांच्या ‘द रिलिजस क्वेश्चन इन मॉडर्न चायना’मध्ये (२०११) आहे. १८९८ च्या सुधारकांनी देवळांच्या शाळा करायचं ठरवलं; माओच्या खूप आधीच गावदेवळांवर अंधश्रद्धेचा शिक्का बसू लागला होता. कम्युनिस्ट राजवटीने बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एवढ्या पाचांनाच मान्यता दिली.

समाजासाठी फेइ श्याओतुंग यांचं ‘फ्रॉम द सॉइल’ वाचावं. मूळ चिनी पुस्तक १९४० च्या दशकातलं. तळ्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी चिनी माणसाची नाती स्वतःपासून बाहेर पसरत जातात, असं फेइ म्हणतात. कायद्यापेक्षा ओळख, हक्कापेक्षा नातं वजनदार का ठरतं, हे या छोट्या पुस्तकात फार स्वच्छ मांडलं आहे.

मग सत्ता. शिन्हुआ वृत्तसंस्थेत पत्रकारिता केलेल्या यांग चिशेंग यांचं ‘टूमस्टोन’ २००८ साली हाँगकाँगमध्ये निघालं. मुख्य चीनमध्ये त्यावर बंदी आहे. १९५८ ते १९६२ च्या दुष्काळात सुमारे ३ कोटी ६० लाख माणसं मेली, असा त्यांचा हिशेब. त्यांचे वडीलही त्यातच गेले. उत्पन्नाचे फुगवलेले आकडे वर जात राहिले आणि त्याच आकड्यांवर धान्याची वसुली होत राहिली. धान पिकवणाऱ्या जिल्ह्याने तर हे पुस्तक वाचायलाच हवं.

शेवटी तिबेट. त्यासाठी त्सेरिंग शाक्य यांचं ‘द ड्रॅगन इन द लँड ऑफ स्नोज’ (१९९९). १९५१ चा सतरा कलमी करार, १९५९ चा ल्हासातला उठाव, दलाई लामांचं भारतात येणं, हे सगळं इथे ना भाबडेपणाने आलं आहे, ना द्वेषाने. तिबेटी सरंजामाचे दोषही शाक्य लपवत नाहीत.

मराठीतून सुरुवात करणाऱ्यांनी अरुण साधूंचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ आणि मीना प्रभूंचं ‘चिनी माती’ घ्यावं. पहिल्यातून क्रांतीचा पट कळतो, दुसऱ्यातून प्रवाशाच्या नजरेला दिसलेला चीन.

शेजाऱ्याची भीती बाळगणं सोपं असतं, त्याचा अभ्यास करणं कष्टाचं. भंडारा, पवनी, तुमसर, साकोलीच्या ग्रंथालयांनी ही पुस्तकं एका कपाटात आणावीत, महाविद्यालयांनी त्यावर वाचनमंडळं चालवावीत आणि एखाद्या तरुण अनुवादकाने फेइंचं पुस्तक मराठीत आणायला घ्यावं. चर्चेला मात्र नॉर्ग्येलिंगच्या रहिवाशांना अवश्य बोलवावं. या इतिहासाची झळ त्यांनी सोसली आहे. त्यांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आपलं चीनविषयीचं वाचन पुरं होणार नाही.