बाकावरचा गडी

मंडळी, पिंपरीहून बालेवाडीला प्रो कबड्डी पाहायला गेला असाल, तर ठाऊक असेल: मैदानात सात गडी, बाकीचे बाकावर. त्यातला एखादा उठला की टाळ्या पडतात. त्याच्याशी पुन्हा करार करावा का?

१ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. एवढ्याशा फरकात बदली गड्याची एक पकडही मोलाची. पण त्या हंगामाच्या लिलावात प्रत्येक संघाला मर्यादा ५ कोटींची. एकावर जास्त खर्चले, की दुसरीकडे हात आखडतो.

म्हणून टाळ्या मोजू नका. विचारा: हा कोणता कोपरा सांभाळतो? मुख्य गडी जायबंदी झाला तर दुसरा कोण? तेवढ्याच पैशात आणखी कोण मिळेल? नकार द्यायचा तर वेळेवर, तोंडावर द्यावा. त्याची चूल त्यावर पेटते. गुरुजी, शाळेचा संघ निवडतानाही हेच धोरण ठेवा.